उजवा कौल

दर चार वर्षांनी आमच्या खारवण्याला देव घराबाहेर काढतो. अख्ख्या गावाला. माणसं, गुरं, कोंबड्या, पिंजऱ्यातला पोपट, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळ्यांनी तीन रात्री शिवेबाहेर जायचं. रवळनाथाचा कौल झाला की लोक घरांना कुलपंसुद्धा न लावता निघतात. याला गावपळण म्हणतात. का करतात असं विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतील. कोणी म्हणतं, गाव देवाचं आहे, भाडेकरूंना अधूनमधून आठवण दिलेली बरी. कोणी म्हणतं, पूर्वी कधीतरी पटकीच्या साथीत गाव सोडून पळाले होते, तिथून प्रथा पडली. मला लहानपणी हे दुसरं कारण आवडायचं, कारण ते शाळेच्या पुस्तकात शोभण्यासारखं होतं.

देव जे काही सांगतो ते माझ्या वडिलांच्या तोंडून सांगतो. दिगंबर गुरव त्यांचं नाव. गाभाऱ्यातल्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. हाच कौल. आमच्या घराण्यात हे किती पिढ्या चाललं आहे, कोणी मोजलेलं नाही. मी त्यांची एकुलती एक, हेमांगी. मुलगी असल्यामुळे पाकळीला हात लावायचा प्रश्नच नव्हता, आणि देवावर विश्वास नसल्यामुळे मला त्याची खंतही नव्हती. मी आपली शेवाळाच्या नादी लागले.

त्या शेवाळाचं थोडं सांगायला हवं. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला कोळंबीची तळी आली, डोंगरउतारावर आंबा-काजूच्या बागा वाढल्या. तळ्यांतली घाण आणि बागांमधलं खत दोन्ही खाडीत उतरू लागलं. पाण्यात नत्र वाढलं, मासळी गेली. त्यावर मी काम करते त्या संशोधन संस्थेनं एक समुद्री शेवाळ तयार केलं. पातळ, रुंद, हिरवंगार. पाण्यातलं नत्र आणि कार्बन खाऊन ते असं काही माजायचं की पंधरवड्यात दोरीवरून कापडासारखं लोंबायला लागायचं. गावातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं लुगडं. खाडीत दोऱ्या बांधायच्या, लुगडी कापायची, वाळवून कारखान्याला द्यायची. त्याच्या पिशव्या होतात, गुरांचं खाद्य होतं. पाणी निवळलं, बोयटांसारखी मासळी परत आली. आमच्या संस्थेची पाठ सगळ्यांनी थोपटली.

हे शेवाळ समुद्रात मोकाट पसरू नये म्हणून आम्ही त्याला एक कुलूप घातलं होतं. साधं रानटी शेवाळ पाणी तापलं की स्वतःच विरघळतं. पानातल्या पेशींचे बीजाणू होतात, ते पाण्यात सुटतात, आणि मागे फारसं काही उरत नाही. आमच्या वाणात बीजाणू होणंच बंद केलेलं. त्यामुळे ते पसरणार नाही याची खात्री होती. पण मग ते विरघळणारही नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नाही. यंदा कार्तिकात समुद्र असा तापला की म्हाताऱ्या माणसांनीही तसा पाहिलेला नव्हता. खाडीतली सगळी लुगडी उभ्या जागी मेली आणि एकदम दोऱ्यांवरून सुटली. एवढं हिरवं गेलं कुठे, ते मला संस्थेत बसून कळेना. मग खाडीतल्या आमच्या तरंगत्या मापकांनी जुवा नावाच्या बेटाभोवतीच्या पाण्यात प्राणवायू शून्य दाखवायला सुरुवात केली, आणि मी गाडी काढली.

मी पोचले तो पळणीचा आदला दिवस होता.

धक्क्यावर रोशनी तांडेल भेटली. माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि लुगडीवाल्या बायकांची म्होरकी.

“इलंस? पळणीक इलंस?” ती म्हणाली. “बापूस खूश होतलो तुझो.”

“जुव्यार काय झालां आसा?”

“चल, दाखवतंय. बघशीत तर बघीत रवशीत.”

तिच्या बॅटरीच्या होडीतून आम्ही निघालो. जुवा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं वाळूचं बेट. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, आणि वाळूत खड्डा खणला की गोडं पाणी लागतं. पूर्वी पळणीला लोक चारी दिशांना पांगायचे. आता पूर्वेला महामार्ग, उत्तरेला तळ्यांचं कुंपण, दक्षिणेला खाण. शिवेबाहेरची मोकळी जागा म्हणजे जुवाच. गेल्या दोन-तीन पळणींपासून सगळं गाव तिथेच राहुट्या ठोकतं.

“बघ,” रोशनी म्हणाली, “देवान यंदा अंगण सारवून ठेवल्यान.”

खरंच तसं दिसत होतं. दर पळणीला उंचसखल, खाचखळग्यांचा असणारा जुवा यंदा सपाट झाला होता. वर करडा, वाळलेला थर, त्यावर वाऱ्यानं आणलेली वाळू. पाय ठेवला तर खाली जरासं दबायचं आणि परत वर यायचं. कुठली राहुटी कोणाची, त्याच्या रेघासुद्धा मारून झाल्या होत्या. कडेला मेढींसाठी, म्हणजे राहुट्यांच्या खांबांसाठी, बांबूंची रास. लुगडी कुठे गेली होती ते मला कळलं होतं. आम्ही त्यांच्यावर उभ्या होतो.

मी एक बांबू उचलला आणि दोन्ही हातांनी खाली रोवला. वरचा पापुद्रा फुटला, बांबू एकदम आत गेला. कुजक्या अंड्यांचा भपकारा आला. माझ्या कमरेला लावलेलं वायूचं मापक किंचाळायला लागलं. रोशनीनं पदर नाकाला लावला, आणि दोन-तीन श्वासांनंतर काढला.

“गेलो वास,” ती म्हणाली.

मी तिचा दंड धरला आणि होडीकडे अक्षरशः ओढत नेलं. होडीत पडल्यावरही माझं डोकं गरगरत होतं आणि ती मला शिव्या घालत होती.

वास गेला नव्हता. वास घेणारं नाक गेलं होतं. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. शेवाळाचा ढीग कुजायला लागला आणि आत हवा शिरेनाशी झाली, की काही जिवाणू प्राणवायूऐवजी त्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. थोडा असला तर नुसती दुर्गंधी. जास्त असला की आधी नाकाच्या नसा बधिर करतो, म्हणजे माणसाला वाटतं बरं झालं, गेला एकदाचा. मग श्वास. हवेपेक्षा तो जड असतो, जमिनीलगत साचतो. जुव्यावर वरचा थर उन्हानं वाळून खापरासारखा झाला होता आणि त्याखाली हा वायू कोंडून बसला होता. उद्या गाव तिथे येऊन शेकडो मेढी ठोकणार होतं. म्हणजे शेकडो भोकं पाडणार, आणि मग त्या भोकांशेजारी पोराबाळांना घेऊन जमिनीवर झोपणार.

मी आमच्या संस्थेच्या प्रमुखांना, डॉ. कारखानिसांना फोन लावला.

“पापुद्र्याच्या वर माप किती आहे?” त्यांनी विचारलं.

“शून्य. पण भोक पाडल्यावर...”

“म्हणजे शून्य.”

“सर, भोक पाडल्यावर मापकाची मर्यादा संपली.”

“मग भोकं पाडू नका म्हणावं. हे बघ हेमांगी, या वाणाला अख्ख्या किनाऱ्याची परवानगी मिळायची आहे. नीट नमुने घे, आपण पुढच्या आठवड्यात बसून बोलू.”

तालुक्याचे साहेब जास्त सभ्य होते. त्यांच्या नियमात हवेचं माप माणसाच्या उंचीला घेतात, तेही दिवसभराची सरासरी काढून. शिवाय हा धार्मिक विषय, वरून आदेश आल्याशिवाय ते त्यात पडणार नाहीत. रात्री आमचे लोक तिथे उभे राहून झोपणार आहेत का, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

उरलं गाव. देवळाच्या मंडपात लोक सामानाची वाटणी ठरवायला जमलेच होते. गावकर आत्माराम परब मधोमध बसलेले. गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी, त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मी सगळं सांगितलं, मापक दाखवलं, नाक कसं बधिर होतं ते सांगितलं. रोशनीनंही साक्ष दिली. लोकांनी ऐकून घेतलं, आणि मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “लुगडां तूच दिलंस. आता तेका भियाचा, ता पण तूच सांगतंस.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“मगे पळण होवची नाय असा म्हणणा आसा तुझा?” परबांनी विचारलं.

“पळण होऊ दे. जागा बदला. सड्यावर जावया.”

सडा म्हणजे गावावरचं कातळाचं पठार. तेही शिवेबाहेर, उंच, वारा मोकळा. पण मंडपात एकदम कुजबुज झाली. सडा देवचाराचा. देवचार म्हणजे गावाची राखण करणारा. त्याच्या जागेत माणूस वस्तीला जात नाही.

“देवान परवानगी दिल्याशिवाय थंय चूल मांडूक मिळाची नाय,” परब म्हणाले. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता, आणि माझ्या डोळ्यांत त्यांना काहीतरी दिसलं असावं. “देवाकच विचारूया. सकाळी कौल लावूया. उजवो दिल्यान तर सड्यार, डावो दिल्यान तर जुव्यार. मगे तुझा काय म्हणणा नाय मा?”

मला पुष्कळ म्हणायचं होतं. आठशे माणसांचा जीव दोन पाकळ्यांवर टांगायचा, हे ऐकून कुठल्याही शहाण्या माणसानं ओरडायला हवं होतं. पण त्यांनी मला निम्मी संधी दिली होती, आणि सरकारनं तेवढीही दिली नव्हती. मी मान हलवली. बाबा खांबाला टेकून सगळं ऐकत बसले होते.

घरी त्यांनी भात आणि कुळथाची पिठी वाढली. आई गेल्यापासून तेच रांधतात. मी दोन घास खाल्ले आणि पिशवीतून एक नळी काढून त्यांच्या पाटाशी ठेवली.

“ह्या काय?”

“लुगड्याचो चीक. आम्ही प्रयोगाक वापरतांव. डाव्या पाकळीक ह्यो लावा, ती पडाची नाय. उजवी नुसत्या पाण्यान लावा. आपोआप पडतली.”

बाबांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“तो वायू काय करता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आधी नाक मरतं, मग पायातली शक्ती जाते, माणूस बसतो, मग पडतो. शेजारचा त्याला उचलायला वाकतो, तोही पडतो. लहान मुलांची उंची कमी, म्हणून ती आधी.

“दुखता?”

“नाय.”

ते भात कालवत राहिले. “आणि असा होतलाच, ह्येची तुका किती खात्री?”

मला शंभर टक्के म्हणता आलं असतं. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही होती. पण पापुद्रा कुठे जाड, कुठे पातळ, वारा पडेल की सुटेल, किती भोकं पडतील, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि आयुष्यभर ज्या गोष्टीची सवय लावून घेतली ती एका जेवणात सुटत नाही. मी म्हटलं, “शंभरात नव्वद.”

“माझ्याकडे लोक शंभर घेवक येतत,” बाबा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं नळी माझ्याकडे सरकवली. “ह्या माझ्या पाकळीक लागाचा नाय.”

मग मात्र माझा तोल सुटला. “बाबा, पाकळी पडता ती पाणी सुकता म्हणान. उजव्या अंगाक दरवाजो आसा, वारो लागता, म्हणान उजवी जास्त वेळा पडता. त्यात देव खंय इलो?”

“नसात,” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“नसात देव,” ते पुन्हा म्हणाले. “माका काय दिसलो नाय तो कधी. पण पाकळी पडता तेवा त्यात माझा बोट नसता. परबाचा नसता, कोणाचाच नसता. म्हणान भाव भावाचा ऐकणा नाय, पण पाकळीचा ऐकता. इतक्याच मी आजपर्यंत सांभाळलंय. तू ताच मागतंस.”

“मी आठशे माणसां मागतंय.”

त्यांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. मला त्यांचा अतोनात राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं कुठे चुकतंय ते मला दाखवता येत नव्हतं.

सकाळी मंडप भरून लोक बाहेर आवारापर्यंत पसरले होते. डोक्यावर गाठोडी, हातात कोंबड्यांच्या टोपल्या. कौल होताच निघायचं होतं. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कोणी जात नाही. पण बाबांनी मला उंबऱ्याशी समई धरायला उभं केलं. तसं ते का केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित पाकळी पडताना मी प्रत्यक्ष पाहावी, मग माझं समाधान होईल, असं त्यांना वाटलं असेल.

त्यांनी पाकळ्या पाण्यात बुडवल्या, पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या, आणि हात जोडून मोठ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा रवळनाथा, बाराच्या पूर्वसा, आज तुझी लेकरां तुझ्या सांगण्यान भायर पडतत, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” मागून गाव म्हणालं.

“जागेचो पेच पडलो आसा. देवचाराच्या सड्यार वस्तीक जावचा असात तर उजवो दी, जुव्यार जावचा असात तर डावो दी, म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

समईची ज्योत हलत नव्हती, म्हणजे उजव्या अंगाच्या दारातून वारा नव्हता. उजवी पाकळी पडेल या माझ्या आशेला जो काही थोडा आधार होता तो वाराच होता. माझ्या मनात देव नसताना मी कोणाला तरी विनवत होते, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

डावी पाकळी सुटली.

ती नीट पडली, काही शंका नको अशी. खांद्यावरून घसरली आणि बाबांच्या पसरलेल्या तळहातात आली. त्यांची पाठ गावाकडे होती. फक्त मला दिसत होतं. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती मूठ मिटली, दुसरा हात वर नेला, आणि उजव्या खांद्यावरची पाकळी बोटानं काढली.

ते वळले. पुढे केलेल्या हातावर उजवी पाकळी होती.

“उजवो दिल्यान,” ते म्हणाले. “सड्यार.”

त्यांचा आवाज बदलला नव्हता, म्हणून कोणाला काही कळलं नाही. “होय म्हाराजा” करून गाव उठलं, गाठोडी हलली, कोंबड्या फडफडल्या. मी समई धरून उभीच होते. मला हायसं वाटलं, एवढं हायसं की रडू येईलसं वाटलं, आणि तेवढ्यात बाबा माझ्या बाजूनं गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावी मूठ तशीच मिटलेली होती.

सड्यावर पहिल्या दिवशीच गावाचे हाल झाले. कातळात मेढी जाईनात. लोकांनी दगडांना दोर बांधून ताडपत्र्या ताणल्या, वाऱ्यानं त्या पुन्हापुन्हा उडवल्या. पाणी खालून घागरींनी आणायचं. बायका येता-जाता मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात बोलत. रोशनी एकटी माझ्याजवळ बसायची. खाली जुवा उन्हात पडलेला दिसायचा. सपाट, रिकामा, पाण्याला लागून. इतकी चांगली जागा सोडून आपण या खडकावर कशासाठी, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

काहीच घडत नव्हतं. मी दुर्बिणीतून जुव्याकडे बघत राहायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी वाईट घडायची वाट बघते आहे. मला स्वतःची किळस आली. पण त्या शंभरातले दहा आता मला खात होते. काहीच झालं नाही तर बाबांनी जे केलं ते कशासाठी केलं? बाबा देवचाराचं ठाणं मानल्या जाणाऱ्या झाडापासून लांब, वस्तीच्या कडेला बसून होते. पाणी प्यायचे. भात दिला तर “मगे” म्हणायचे.

“उद्या सकाळी खाली जावया,” तिन्हीसांजेच्या आधी परब लोकांना म्हणाले. “देवान परवानगी दिली ती दिली. पण एक दिवस जुव्यार काढलो तर देव काय रागावाचो नाय. पोरांका पाणी तरी मिळात.”

पालथ्या घड्यावर आणखी किती पाणी ओतणार?

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “म्हशी खंय चालल्यो?”

परबांच्या म्हशी होत्या. तहानेनं त्यांनी दावी तोडली असावीत. सड्यावरून उतरणाऱ्या वाटेनं त्या खाली पोचल्या होत्या आणि ओहोटीच्या चिखलातून जुव्याकडे निघाल्या होत्या, एकीमागे एक. ऊन अजून होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढची जुव्यावर चढली. तिचे पाय पापुद्र्यातून आत गेले, तिनं जोर लावून काढले, पुन्हा गेले. मागच्या तिच्याच वाटेनं आल्या. मग पुढची थांबली. तिनं मान खाली घातली आणि बसली, गोठ्यात रवंथ करायला बसावी तशी. दुसरी तिच्याजवळ जाऊन बसली. तिसरी वळायला गेली आणि कुशीवर पडली. कोणी हंबरलं नाही. सड्याच्या कडेला अख्खं गाव उभं राहून बघत होतं.

परब धावत सुटले. मी त्यांच्या कमरेला मिठी घातली, रोशनीनं पाय धरले, आम्ही तिघंही कातळावर आपटलो. ते मला ढकलत होते आणि “माझी तांबू, माझी तांबू” म्हणत होते. मग त्यांचं बळ सरलं. खाली आता काहीच हलत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि थेट बाबांकडे गेले. त्यांच्यामागे सगळे गेले. परबांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं.

“गुरवानू,” ते म्हणाले, “देवान वाचवल्यान. तुमच्या हातान वाचवल्यान.”

बायका आपली पोरं आणून बाबांच्या पायावर घालायला लागल्या. बाबा पाय मागे घेत होते, आणखी मागे, मागे जागा संपेपर्यंत. मला त्या गर्दीतून त्यांचा चेहरा एकदाच दिसला. मी इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे, पण त्यांना भ्यालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरकार आलं, मुखवटे घालून, मोठी यंत्रं घेऊन. जुव्याला धोक्याच्या फिती लागल्या. कारखानिसांचे फोन मी घेतले नाहीत. मी शिवेबाहेरूनच गावाभोवती फिरून हवा मोजली. जुव्याकडचा वारा गावाकडे येत नव्हता. तिसऱ्या रात्रीनंतर लोक घरी जाऊ शकत होते.

परत येण्याचा आमचा रिवाज असा, की शिवेवर सगळ्यांनी थांबायचं. गुरवानं घंटा वाजवत पहिलं पाऊल आत टाकायचं, देवळात जाऊन दिवा लावायचा. त्याच्याआधी कोणी शीव ओलांडत नाही. ओलांडायची ती देवाच्या परवानगीनं, आणि ती परवानगी म्हणजे गुरवाचं पाऊल. सकाळी सगळं गाव शिवेवरच्या धोंड्याशी येऊन उभं राहिलं. लोक आनंदात होते, रडत होते, हसत होते. बाबा पुढे झाले, धोंड्यापाशी थांबले, आणि घंटा माझ्या हातात दिली.

“तू हो पुढे.”

“आणि तुमी?”

“मी भायर रवतंय.”

मी आवाज खाली आणला. “बाबा, कोणाक कळला नाय. कळाचा पण नाय.”

“तुका कळला मा?”

“जुव्यार गेली असती तर सगळी मेली असती. तुमीच बघितलांत.”

“होय,” ते म्हणाले. “परत तशी वेळ इली तर परत तसाच करीन. म्हणान तर भायर रवतंय. असो माणूस गाभाऱ्यात नको.”

त्यांनी जे केलं ते मीच मागितलं होतं, आणि ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, पण हळूच.

“गुरवानू,” मागून परब म्हणाले, “काय झाला? चला मा.”

“माका आत जावची देवाची परवानगी नाय,” बाबा म्हणाले. “चेडू जाता पुढे. तेच्या मागसून चला.”

परबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून मान लववली. एवढा मोठा कौल देणाऱ्या माणसाला देवानं आणखी काही आज्ञा केली असणार, असंच त्यांना वाटलं. त्यांच्यामागे सगळ्या गावानं हात जोडले. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

बाबा धोंड्याशेजारी बसले, गावाकडे पाठ करून, सड्याकडे तोंड करून. मी थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मग लहान पोरं चुळबुळ करायला लागली, ऊन चढत होतं. मी घंटा वाजवली आणि पाऊल आत टाकलं, आणि माझ्या मागून गाव आपापल्या घरी गेलं.